तीन अक्षरं, पंधरा बाइट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी पुण्यात वारज्याला राहतो. आज या गावाच्या नावापासूनच सुरुवात करू. 'वारजे' या शब्दात अक्षरं किती? शाळेतलं मूल सांगेल, तीन. वा, र, जे. अभंगाची अक्षरं बोटांवर मोजणारा कवीही तीनच म्हणेल. हाच प्रश्न संगणकाला विचारा. तो कधी सांगेल पाच, कारण तो व, काना, र, ज आणि मात्रा असे पाच घटक वेगळे मोजतो. कधी सांगेल पंधरा. हे पंधरा म्हणजे बाइट.

तीन, पाच आणि पंधरा. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरं वापरलं की. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी मजकुराचं संगणकावर जे काही भलंबुरं झालं, त्यातलं बरंचसं या एका घोटाळ्यापाशी येऊन थांबतं. मी बी. ए. झालेला माणूस, कविता लिहितो. प्रोग्राम लिहिणं हा माझा पेशा नाही. पण ज्याची सगळी कमाई अक्षरांत आहे, त्यानं ती कुठल्या तिजोरीत ठेवली जातात हे समजून घ्यायला हवं, एवढ्याच हेतूनं मी या विषयाकडे वळलो.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला कळतात आकडे. आठ खाचांचा एक गट म्हणजे बाइट आणि त्यात शून्यापासून २५५ पर्यंतचा एक आकडा मावतो. बस्स. मग अक्षर कुठून येतं? ते येतं एका कोष्टकातून. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर, असं माणसांनी आपसांत ठरवलेलं असतं. या ठरावाला एन्कोडिंग म्हणतात.

पुण्यातल्या माणसाला हे समजायला सोपं जावं. आपल्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत. पण मोडी वाचणारा समोर नसेल तर ती नुसती वळणावळणाची रेघ. शाई म्हणजे बाइट, आणि मोडी येणं म्हणजे एन्कोडिंग ठाऊक असणं. शाई आणि वाचता येणं मिळून मजकूर होतो. प्रोग्रामर मंडळी या मजकुराला 'स्ट्रिंग' म्हणतात.

अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाचं कोष्टक ठरलं. त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं त्यात आरामात बसली. एका इंग्रजी अक्षराला एक बाइट, हिशेब चोख. त्यामुळे अक्षर आणि बाइट एकच, अशी समजूत तिकडे घट्ट झाली. इंग्रजीपुरती ती खपूनही गेली. आपल्याकडे ती खपणार नव्हती.

आपल्या लिप्यांसाठी पहिलं मोठं काम झालं त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट'चं काम पुढे पुण्यात, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं इस्की हे कोष्टक प्रमाण म्हणून जाहीर केलं. खालच्या अर्ध्या भागात इंग्रजी तसंच ठेवायचं आणि वरच्या १२८ जागांत भारतीय अक्षरं बसवायची, अशी त्याची रचना. त्याच वर्षी तिकडे युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच मोठ्या कोष्टकात जागा द्यायची, हा तिचा बेत. त्यात देवनागरीची मांडणी इस्कीच्याच धर्तीवर झाली. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी यांनी वाटून घ्यायच्या १२८ जागा एका सलग पट्ट्यात मिळाल्या.

पण युनिकोड प्रत्येक अक्षराला फक्त क्रमांक देतं. तो क्रमांक बाइटांत कसा लिहायचा, हा पुढचा प्रश्न. त्याचं आज सर्वाधिक चालणारं उत्तर म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदी मॅटवर ते आखलं. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट, उर्दूच्या अक्षराला दोन आणि देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन लागतात. आपलं 'व' म्हणजे २२४, १६४, १८१ हे तीन आकडे. आता वारज्याचे पंधरा कसे झाले ते लक्षात आलं असेल: पाच घटक, प्रत्येकी तीन.

'शेख' हे आडनाव घ्या. उर्दू लिपीत तीन अक्षरं, सहा बाइट. रोमनमध्ये नेहमीच्या स्पेलिंगनं सहा अक्षरं, सहा बाइट. देवनागरीत आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं, घटक तीन आणि बाइट नऊ. माणूस तोच, हाक तीच.

ही पायरी चढायच्या आधी आपण एका आडवाटेनं बरीच वर्षं चाललो. ती वाट म्हणजे फॉन्टची. नव्वदच्या दशकात छपाईला मराठी अक्षर तर हवं होतं, पण यंत्राला इंग्रजीचंच कोष्टक ठाऊक होतं. मग युक्ती निघाली. आत इंग्रजी अक्षरंच ठेवायची, फक्त त्यांचं चित्र बदलायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द आत कसा असतो, ठाऊक आहे? ई, जे, के, बी, एच. ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट लावला की पडद्यावर 'मराठी' दिसतं, फॉन्ट काढला की ही पाच रोमन अक्षरं उघडी पडतात. इतर कंपन्यांच्या फॉन्टांचे हिशेब आणखी निराळे. २००० सालच्या आसपास बहुतेक मराठी वर्तमानपत्रांचं संकेतस्थळ वाचायला त्या त्या पत्राचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागे, हे अनेकांना आठवत असेल.

या युक्तीचे उपकार मी नाकारणार नाही. शेकडो मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका तिच्यावरच छापल्या गेल्या. पण त्या फाइलींत मराठी मजकूर नव्हता, मराठीचं चित्र होतं. माझ्या पहिल्या संग्रहाची १९९९ ची फाइल अशीच होती. ज्या दुकानात ती जुळवली ते कधीच बंद झालं, फॉन्ट कुठला होता हे सांगणारं कुणी उरलं नाही. आमच्या सोसायटीतला एक तरुण मला चाचा म्हणतो, प्रोग्राम लिहिण्याचं काम करतो. त्यानं छापील पुस्तक समोर ठेवून फाइलीतला आकडा आणि कागदावरचं अक्षर अशी जोडी लावत ती उलगडली. सगळ्यात छळलं ते ऱ्हस्व वेलांटीनं. जुन्या फॉन्टांत ती व्यंजनाच्या आधी टाइप होई, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते, जशी उच्चारली जाते तशी. प्रत्येक 'कि' आणि प्रत्येक 'ति' उलटा करून घ्यावा लागला. त्यात वेलांटीनंतर जोडाक्षर आलं, की ती नेमकी किती घरं मागं सरकवायची याचा वेगळा नियम.

माझं पुस्तक छापलेलं होतं म्हणून सुटलं. ज्यांची हस्तलिखितं कधी छापलीच गेली नाहीत, फक्त फाइलींतच राहिली, त्यांचं काय? त्या आधुनिक मोडीचे वाचक आज पन्नाशी-साठीत आहेत.

आता युनिकोड आलं. र. कृ. जोशी यांच्यासारख्या कवी-सुलेखनकारानं घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजबरोबर घरोघर पोचला. म्हणजे प्रश्न मिटला का? अर्धाच. कारण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं अजूनही बाइट आणि मजकूर एकत्र कालवले, तर घोळ होतोच.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेची कहाणी इथं सांगण्यासारखी आहे. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत साधी स्ट्रिंग म्हणजे प्रत्यक्षात बाइटच होते, आणि युनिकोडचा मजकूर हा वेगळा प्रकार होता. दोन्ही एकमेकांना जोडले तर भाषा तक्रार करत नसे. समोरचे बाइट आस्कीच असणार, असं गृहीत धरून ती गुपचूप रूपांतर करी. इंग्रजी नावं घालून तपासलं की सगळं उत्तम चाले. प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे जाई, आणि एके दिवशी कुणी ज्ञानेश्वर किंवा कुणी फ्रेंच बाई आपलं नाव आपल्या लिपीत लिही. १२७ च्या वरचा पहिला बाइट आला की प्रोग्राम आडवा. चूक लिहिणाऱ्याची, आणि ती उघडी पडे नाव सांगणाऱ्यापाशी. जणू त्याचं नावच सदोष.

म्हणून ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथॉन ३ मध्ये भिंत घातली गेली. मजकूर वेगळा, बाइट वेगळे. दोन्ही जोडू गेलात तर भाषा तिथंच थांबवते, नाव इंग्रजी असो की मराठी. जगभरच्या प्रोग्रामरांनी यावर पुष्कळ कुरकुर केली, कारण जुने प्रोग्राम चालेनात. अनेकांना वर्षानुवर्षं दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असं लिहावं लागलं. जुन्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला, म्हणजे या एका भिंतीला अकरा वर्षं लागली. माझ्या मते तो वेळ सत्कारणी लागला. चूक आता गिऱ्हाइकाच्या दारात न होता लिहिणाऱ्याच्या टेबलावर होते.

यातून जो शहाणपणाचा नियम निघाला तो आपल्या घरातलाच आहे. चपला उंबरठ्यावर काढायच्या. बाहेरून फाइल आली, संदेश आला, की ते बाइट असतात. दारातच विचारायचं, तुमचं एन्कोडिंग कोणतं? आणि तिथंच त्यांचा मजकूर करून घ्यायचा. घरात सगळा वावर मजकुराचा. बाहेर पाठवताना पुन्हा उंबरठ्यावर त्याचे बाइट करायचे. घरभर चपला घालून हिंडणाऱ्या प्रोग्रामात चिखल कुठून आला, हे नंतर शोधता येत नाही.

काही प्रोग्रामांना मात्र दोन्ही सांभाळावे लागतात. उदाहरणार्थ फाइलींची नावं. लिनक्समध्ये फाइलीचं नाव म्हणजे नुसते बाइट असतात, ते कुठल्या कोष्टकातले याची नोंद कुठंही नसते. कुणी १९९५ मध्ये इस्कीत नाव दिलं असेल, तर आजच्या प्रोग्रामाला ते वाचता येणार नाही, पण फाइल उघडता तर आली पाहिजे. इथं पायथॉनची रीत मला आवडते. फोल्डरचं नाव मजकुरात दिलंत तर आतली यादी मजकुरात मिळते. बाइटांत दिलंत तर यादीही बाइटांत मिळते. बंद पाकीट दिलं तर बंद पाकीटच परत. मधल्यामध्ये फोडून पाहायचं नाही.

आणि मजकूर मागितला असताना वाचता न येणारा बाइट आलाच, तर तो फेकून न देता खास खुणेनं जपून ठेवायचा, म्हणजे बाहेर जाताना जसाच्या तसा परत करता येतो. जुन्या पोथीची नक्कल करणारा प्रामाणिक लेखक हेच करतो. जे लागलं नाही तिथं तो आपल्या मनचं अक्षर घालत नाही, दिसलेला आकार उतरवून ठेवतो. पुढं येणाऱ्या जाणकाराला तो कधीतरी लागेल.

आता मोजणीकडे येऊ, कारण फटका सामान्य माणसाला बसतो तो तिथंच. मोबाइलच्या लघुसंदेशात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं सात-सात खाचांत दाबून बसवली की १६० होतात. देवनागरीला त्या पद्धतीत प्रत्येकी दोन बाइट, म्हणून मराठीला फक्त ७० घटक. तुमचा छोटासा मराठी शुभेच्छासंदेश दोन-तीन संदेशांएवढा का मोजला जातो, त्याचं कारण हे.

याहून वाईट म्हणजे कापाकापी. 'ज्ञानेश्वर' या नावात डोळ्यांना अक्षरं चार, घटक दहा, बाइट तीस. कुणी नावासाठी वीस बाइटांचा रकाना ठेवला, आणि तो 'वीस अक्षरांचा' आहे असं समजला, तर 'ज्ञाने' एवढं उरतं आणि पुढच्या 'श'चे तीनपैकी दोन बाइट लोंबकळत राहतात. तिथं काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं. बाइटांऐवजी आठ घटकांवर कापलं तर 'ज्ञानेश्' असं पाय मोडलेलं नाव हाती येतं. कापायचंच असेल तर अक्षराच्या सांध्यावर कापावं. पण अक्षर म्हणजे काय, हे यंत्राला सांगणंही सोपं नव्हतं. युनिकोडचा अक्षरं तोडण्याचा सर्वसाधारण नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत 'क्ष'चे दोन तुकडे करीत होता. बालवाडीतल्या तक्त्यावर जे एक अक्षर आहे, ते त्यानं एक मानायला एवढी वर्षं गेली.

दिसायला एक आणि आत दोन, असाही प्रकार आहे. 'वाऱ्यावर' लिहा. त्यातला अर्धा र, म्हणजे मराठीची ती खास अर्धचंद्राकृती खूण, दोन रीतींनी लिहिता येते. खाली नुक्ता असलेला स्वतंत्र र आणि हलन्त अशी एक रीत, तिला सहा बाइट. साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह ही दुसरी, तिला नऊ. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण एका रीतीनं साठवलेलं दुसऱ्या रीतीनं शोधलं, तर यंत्र म्हणतं, असा शब्दच नाही. इंग्रजी शब्दांसाठी लागणाऱ्या 'ॲ'चंही तेच. त्याला २००८ मध्ये स्वतंत्र जागा मिळाली, तोवर अ आणि चंद्र जोडून काम भागवलं जाई, आणि आजही दोन्ही वापरात आहेत. उर्दूत 'ये' आणि 'काफ' यांचं दुखणं असंच आहे. अरबीचा कळफलक वापरून लिहिलं तर क्रमांक वेगळा पडतो, आणि शेखसाहेब यादीत असूनही सापडत नाहीत. म्हणून तुलना करण्याआधी दोन्ही मजकूर एका वळणावर आणून घ्यावे लागतात. हे बाइट पाहून कधीच जमणार नाही, त्यासाठी भाषा जाणणारा माणूस लागतो.

श्रोत्यांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं. पडद्यावर मराठीऐवजी भलतंच दिसलं, तर कागद लगेच फाडू नका. रोगाची लक्षणं वेगळी असतात. रिकामे चौकोन दिसले तर मजकूर ठणठणीत आहे, फक्त फॉन्ट नाही. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेलं रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्यानं चुकीचं कोष्टक लावलंय. ते रोमन ए म्हणजे आपल्या प्रत्येक देवनागरी घटकाच्या सुरुवातीचा तो २२४. योग्य कोष्टक लावलं की मजकूर परत येतो. पण ओळीनं साधी प्रश्नचिन्हं आली असतील, तर बहुधा मूळ अक्षरं पुसली गेली आहेत. देवनागरी न जाणणाऱ्या कोष्टकात ती कोंबली गेली आणि जिथं जागा मिळाली नाही तिथं यंत्रानं प्रश्नचिन्ह ठेवलं. त्या फाइलीतून ती परत येत नाहीत, मूळ प्रतच शोधावी लागते. मला एकदा कविसंमेलनाचं निमंत्रण ईमेलनं आलं, त्यात माझ्या नावाच्या जागी अशी प्रश्नचिन्हंच होती. मी हसलो. पण तेच एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर किंवा शेतकऱ्याच्या उताऱ्यावर झालं, तर हसता येत नाही. नाव जुळलं नाही की हेलपाटे सुरू होतात, आणि हेलपाटे घालणाऱ्याला बाइट म्हणजे काय हे कुणी सांगत नाही.

तेव्हा तीन विनंत्या करतो. प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलामुलींनो, तपासणीसाठी 'एबीसी' टाइप करणं सोडा. ज्ञानेश्वर कऱ्हाडे असं नाव घाला, त्याच्या शेजारी उर्दू लिपीत एखादं नाव घाला, आणि ते आत जाऊन जसंच्या तसं बाहेर येतं का पाहा. कार्यालयांत रकाने आखणाऱ्यांनो, लांबी ठरवताना अक्षर मोजताय की बाइट, ते कागदावर लिहून ठेवा. आणि लेखक, प्रकाशक, ग्रंथालयांनो, कपाटातल्या जुन्या सीडी आणि फ्लॉपी आता बाहेर काढा. फाइलीबरोबर फॉन्टचं नाव सांगणारा माणूस हयात आहे, तोवरच हे काम स्वस्तात होईल. नुसती फाइल नव्या डिस्कवर उतरवून ठेवली, तर शाई जपली जाईल, लिपी जाईल.

अक्षर म्हणजे ज्याला क्षय नाही ते, असं आपण म्हणत आलो. संगणकात ते आपोआप तसं राहत नाही. कुणीतरी कोष्टकाची नोंद ठेवतो, उंबरठ्यावर थांबून विचारतो, तेव्हा ते टिकतं.